चार्जर, माठ आणि माझं पत्रक

संपादकांनी फोनवर सांगितलं, "दिवाळीचा अंक आहे, कामाचे अनुभव लिहा, पण जरा गोडीत लिहा. लोक फराळ खाता खाता वाचतात." मी प्रयत्न केला. दोन पानं लिहून फाडली. ज्या वस्तूवर मला लिहायचं आहे तिच्यावर तळहात टेकवत नाही, तिच्याबद्दल गोडीत काय लिहू? तेव्हा फराळ आधी उरकून घ्या, मग वाचा.

अशा पानांवर बहुतेक वेळा निवृत्त माणसं लिहितात. पोस्टमास्तर, फॉरेस्ट गार्ड, हेडमास्तर. मी सव्वीस वर्षांची आहे. आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, वर्गात आम्ही दोनच मुली होतो. नोकरी एकच केली आणि तीही टिकली नाही. आरमोरीकडच्या एका इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसायचे. दुकानाचं नाव लिहीत नाही. संपादकांनी हात जोडले म्हणून.

आधी हा चार्जर काय प्रकार आहे ते सांगते, कारण विकणारे सांगत नाहीत. भिंतीतल्या बोर्डातून येणारी वीज बॅटरीला जशीच्या तशी चालत नाही. मधे एक डबा लागतो. तो भिंतीतली वीज बॅटरीला पचेल अशी करून देतो. ते करताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून डबा कोमट होतो. इथवर ठीक. पुढे ती उष्णता बाहेर टाकायला डब्यात एक छोटा पंखा असतो, आणि फारच तापलं तर काम आपोआप थांबवणारा एक भाग असतो. असायला पाहिजे, असं म्हणते. त्यात आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज असं पडतं की छताच्या पंख्याची पाती मोजता येतात. कमी व्होल्टेजमध्ये तेवढंच काम करायला चार्जर भिंतीतून जास्त करंट ओढतो आणि अजून तापतो. आणि उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. शहरातल्या थंड खोलीत तपासलेला डबा इथे पत्र्याखाली आणून ठेवायचा आणि म्हणायचं, चालतो.

दुकानात पहिल्याच दिवशी मला एक वाक्य शिकवलं होतं. "गरम होतेच, नॉर्मल आहे." ग्राहक काहीही घेऊन येवो, आधी हे म्हणायचं. मी ते रोज म्हणत होते. पगारासाठी म्हणत होते. त्याची लाज वाटते, तेही इथे लिहून ठेवते.

गडचांदूरहून एक भाऊ आले होते, चार्जर टॉवेलात गुंडाळून. म्हणाले, "घ्या मॅडम, याच्यावर भाकर शेकून निघते." मी वाक्य म्हटलं. त्यांनी शांतपणे टॉवेल बाजूला केला आणि म्हणाले, "मंग ठेवा हात." मी ठेवला, आणि झटकन उचलला. तो चार्जर खोलला तर आतला पंखा दगड झालेला. सिमेंटच्या कारखान्याची धूळ, त्यावर पावसाळ्याची ओल. पंखा फिरणार कसा? मी खरवडून काढला. भाऊ म्हणाले, "आमची फुफ्फुसं बी अशीच काढून साफ करता येतात का?" ते हसले. मला हसू आलं नाही.

धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावातून एक बाई आल्या. त्यांनी हिवाळ्यात चार्जरवर बांबूचं डालगं उपडं घातलं होतं आणि आत कोंबडीची पिल्लं. मी चिडले. म्हटलं, बाई, आग लागली असती. त्या म्हणाल्या, "थंडीनं मरून राह्यली होती पिल्लं, यानं जगली." मग माझ्याकडे सरळ बघून, "पिल्लासाठी नाई, तं कंपनीनं एवढी ऊब कायले ठेवली याच्यात?" तेव्हा मी त्यांच्या अडाणीपणावर हसले. आज वाटतं, तो प्रश्न मी लगेच मालकाला जाऊन विचारायला हवा होता.

मालकाला विचारलं ते पुढे, नवा माल आला तेव्हा. एक नवाकोरा चार्जर मी सहज हलवून पाहिला. हलका लागला. खोलला. बाहेरून सगळं ठाकठीक होतं. ॲल्युमिनियमचा डबा, वर पंख्याची गोल जाळी, त्याखाली रंगीत स्टिकर. आत पंखा बसायच्या जागी चार रिकामी भोकं. जाळी आहे आणि पंखा नाही! दुसरा खोलला, तसाच. तिसरा, तसाच.

मालक म्हणाले, "तुले कोणी सांगतलं खोलाले?"

"भाऊ, यात पंखाच नाही."

"पंखा आवाज करते. लोकाइले आवाज आवडत नाई."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं होतं, कारण वाटलं, उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही. त्याच आठवड्यात माझं टेबल दुसऱ्याला दिलं.

त्यानंतर मी तालुक्यातल्या एका छोट्या ग्राहक गटात गेले. गट म्हणजे एक निवृत्त तलाठी, दोन बचत गटाच्या ताई आणि मी. नोकरी गेली होती आणि राग भरपूर होता. मी पत्रकं लिहायला लागले. चार्जरवरचं पत्रक माझं पहिलं. एक पान, मोठी अक्षरं, छोटी वाक्यं. चार्जर झाकू नका. गादीवर, पोत्यावर ठेवू नका. थंड जागी ठेवा. अधूनमधून हात लावून पाहा. फार गरम वाटला तर बंद करा आणि दुकानदाराला जाब विचारा. ‘जाब विचारा’ मी लाल शाईत छापून घेतलं होतं. शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत नदीच्या वाटेवर उभी राहून मी गठ्ठेच्या गठ्ठे वाटले. फार अभिमान वाटत होता. लोक घडी करून खिशात ठेवत होते, फेकत नव्हते. पत्रक लिहिणाऱ्याला याहून काय पाहिजे?

मे महिन्यात बचत गटाच्या ताईंचा फोन आला. वैनगंगेकाठच्या एका गावात पार्बताबाईला चार्जरचा शॉक लागला.

पार्बताबाई मासे विकतात. घरचे लोक तळ्यात आणि नदीत जाळं टाकतात, बाई माल घेऊन आठवडी बाजारांना फिरतात. आधी डोक्यावर टोपलं घेऊन चालत, नाहीतर काळीपिवळी जीपच्या टपावर. लोक वासाची कुरकुर करत, ड्रायव्हर शेवटी बसवी. मागच्या वर्षी मुलानं इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. मागे बर्फाचा डबा बांधून बाई पन्नाशीत गाडी शिकल्या. सकाळी ताजा माल घेऊन बाजारात, दुपारी घरी. संध्याकाळी व्होल्टेज नसतं म्हणून चार्जिंग दुपारी, ऐन उन्हात.

मी गेले तेव्हा बाई खाटेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

"तूच का ते पत्रकवाली?"

"हो बाई."

"पाह्य तिकडे."

कोपऱ्यात ओल्या रेतीवर तीन माठ मांडलेले. वर भिंतीला भाताच्या पेजेनं चिकटवलेलं माझं पत्रक. आणि दोन माठांच्या मधे, त्यांच्या फुगीर पोटांखाली, ओल्या रेतीत, चार्जरच्या आकाराचा चौकोनी खड्डा.

"तूनंच तं लिहिलं, थंड जागी ठेवा म्हून. आता सांग, या घरात याच्याहून थंड जागा कुठी आहे?"

मी वर पाहिलं. पत्रे. त्यांची धग डोक्यावर उतरत होती. भिंत तापलेली, जमीन तापलेली. खरंच दुसरी जागा नव्हती.

बाई सांगत होत्या, "भाजी इथीच ठेवतो आमी. मासे उरले तं टोपलं इथीच. लेकरू गरमीनं रडलं तं त्याले बी इथीच निजवते माही सून. मंग चार्जरले कुठी ठेवणार होती मी, तुया डोक्यावर?"

माठ पाझरतो. पाणी थेंबथेंब खाली उतरतं. आणि वर डब्याला जाळी, जाळीमागे पंखा नाही, नुसतं उघडं भोक. पाणी सरळ आत. बोर्डाला तिसरं भोक होतं, पण त्यामागे अर्थिंगची तारच नव्हती. गाडी घरी पोचवायला आलेल्या माणसानं बोर्ड पाहिला होता, तार आहे का ते पाहिलं नव्हतं. आणि त्या दुपारी पार्बताबाईंनी काय केलं? पत्रकात लिहिलं होतं तेच. अनवाणी पायांनी ओल्या रेतीवर उभ्या राहून, चार्जर गरम आहे का ते पाहायला हात लावला.

हात डब्याला चिकटून राहिला. सुनेनं मेन स्विच पाडला, म्हणून ही गोष्ट मी अशी लिहू शकते आहे.

दवाखान्यातून बाई दोन दिवसांत घरी आल्या. पण उजव्या हाताची दोन बोटं सुन्न राहिली. पावशीवर, म्हणजे विळीवर, मासा कापताना तो धरायला हीच बोटं लागतात. त्यात चार्जर जळाला, म्हणजे गाडी उभी. टोपलं उचलायला हात नाही आणि न्यायला गाडी नाही. बाजाराला माल गेला नाही की व्यापारी काठावरच येतो आणि म्हणेल त्या भावात उचलतो. बाई तेवढंच म्हणाल्या, "मले रडायचं नाई आहे. मले चार्जर पाह्यजे, पंख्याचा. बाजार सुटला तं पुन्हा जागा भेटत नाई."

त्या दिवशी मी गावात फिरले. सात घरी अशा गाड्या होत्या. पार्बताबाईंचं धरून चार घरांत चार्जर माठाखाली. एका घरी तर चार्जरवर ओलं फडकं घातलेलं, तापात कपाळावर पट्टी ठेवतात तसं. घरातली मुलगी म्हणाली, "मॅडम, ताप उतरतच नाई याचा." मी ओरडून आधी बटण बंद केलं, मग फडकं उचललं. प्रत्येक घरी भिंतीवर माझं पत्रक होतं. मी पेन काढला आणि प्रत्येक भिंतीवर ‘थंड’ खोडून ‘कोरड्या’ लिहिलं. ‘हात लावून पाहा’च्या आधी लिहिलं, बटण बंद करून.

या भागात जन्मलेली मुलगी मी. माझ्या घरी दही माठाजवळच ठेवतात. थंड जागी म्हटल्यावर लोक काय करतील हे मला कळायला नको होतं? मी पुस्तकातलं वाक्य उचललं आणि छापलं. ज्यानं पंखा काढून घेतला त्याच्यावर मी रागावलेली आहे आणि मरेपर्यंत राहीन. पण ती ओळ माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पार्बताबाई बसनं माझ्या जुन्याच दुकानात गेलो, गाडी तिथूनच घेतलेली होती. माझ्या डोक्यात मोर्चा होता, बोर्ड होते, तहसीलसमोर बसणं होतं. बसमध्ये मी ते सगळं सांगत होते. बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तू आधी चूप बस. दुकानात बी लगेच बोलू नको."

दुकानात गर्दी होती. लग्नाचे दिवस, नव्या गाड्यांना हार घातलेले. मालकांनी मला पाहिलं आणि तोंड कडू केलं. बाईंनी पिशवीतून जळका चार्जर काढून काउंटरवर ठेवला.

"भाऊ, हे जळला. वारंटीत आहे. आन मले शॉक बसला."

मालकांनी डबा हलवला. आतून वाळलेली रेती गळली, जाळीवर पाण्याचे डाग होते. "पाण्यात ठेवला का बाई?"

"माठाखाली ठेवला होता."

"मंग? वारंटी गेली. बॅटरीचं सामान कोणी पाण्याखाली ठेवते का?" आणि ड्रॉवरमधून त्यांनी माझं पत्रक काढलं. त्यांनी जपून ठेवलं होतं! सगळ्या दुकानाला दाखवत म्हणाले, "हे पाहा, मॅडमनं लिहून वाटलं. थंड जागी ठेवा. हिलेच विचारा आता. कंपनीच्या नावानं बोंबलणारे हे लोक आन मरणारे तुमी."

दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मला सांगायचं होतं की पंखा असता तर कोणी थंड जागा शोधलीच नसती. सांगायचं होतं की वस्तू विकताना घराचा बोर्ड बघणं तुमचं काम आहे. सगळं खरं होतं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला कळलं की आधी दुसरं काहीतरी बोलावं लागेल.

मी म्हटलं, "ती ओळ माझी आहे. चुकीची आहे. कोरड्या जागी असं लिहायला पाहिजे होतं. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्यांच्या हाताला इजा झाली. ही चूक माझी."

मालक खूश झाले. "ऐकलं का? कबूल केलं!"

"ऐकलं," पार्बताबाई म्हणाल्या. "पोरीनं तिचं कबूल केलं. आता तुमी करा."

"मी काय करू?"

"हे खोला."

"बाई, जळलेलं खोलून काय—"

"मी मासे विकतो भाऊ. गिऱ्हाइकानं म्हटलं ताजा आहे का, कल्ला उचलून दाखव, तं दाखवतो. ज्याच्या मालात खोट नाई त्याले उचलाले काय होते? खोला."

मालक खोलेनात. मीच काउंटरवरचा पेचकस घेतला. चार स्क्रू काढले, झाकण उचललं, डबा गर्दीकडे फिरवला. काळवंडलेलं सगळं. आणि जाळीखाली चार रिकामी भोकं.

बाईंनी डाव्या हाताचं बोट त्या भोकांवरून फिरवलं. "पंखा कुठी आहे भाऊ?"

मालक म्हणाले, आवाज... आणि थांबले. त्यांनाही कळलं असावं की ते वाक्य एवढ्या लोकांपुढे चालणार नाही. ते आत गेले आणि एक खोका घेऊन आले. त्यातला चार्जर बोर्डाला लावला. आतून बारीक घरघर आली. पार्बताबाईंनी कान जवळ नेला, जाळीवर तळहात धरून वारा येतो का पाहिलं. येत होता. म्हणजे पंख्याचे चार्जर दुकानात होतेच. सगळा वेळ होते. कोणाला कुठला द्यायचा ते माणूस पाहून ठरत होतं. हे मी अजून पचवू शकलेले नाही, आणि पचवायची इच्छाही नाही.

"हा घ्या. तुमच्याकडे पाहून देऊन राह्यलो. फक्त इथी सही करा."

छापील पावती होती. मी मोठ्यानं वाचली. ग्राहकाच्या चुकीच्या वापरामुळे चार्जर खराब झाला, दुकानाची कोणतीही जबाबदारी नाही.

"हे आधीच छापलेलं आहे?" मी विचारलं. "म्हणजे चूक कोणाची, ते गाडी विकायच्या आधीच ठरलेलं?"

"तू मधे बोलू नको," मालक म्हणाले. "बाई, करा सही. चार्जर घ्या आन जा."

मी बाईंच्या कानाशी म्हटलं, करू नका. मला म्हणणं सोपं होतं. बाजार माझा सुटणार नव्हता. बाईंनी खोक्याकडे पाहिलं. मग पेन उचलला, उजव्या हातात. पेन बोटांतून निसटून काउंटरवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

मालकांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. "राहू द्या, अंगठा द्या."

पार्बताबाईंनी त्या पॅडकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे झाले. "अंगठा? साक्षरतेच्या वर्गात कंदिलापाशी बसून शिकली मी. तवापासून अंगठा नाई दिला कोणाले. सरकवा तिकडे ते."

पेन त्यांनी डाव्या हातात घेतला. आधी छापील ओळीवर आडवी रेघ मारली. हात हलत होता, रेघ वाकडी गेली. मग खालच्या मोकळ्या जागेत लिहायला लागल्या. एकेक अक्षर, मधे थांबत, ओठ हलवत. मालक दोनदा म्हणाले, "राहू द्या बाई, बिना सहीचा न्या." बाई थांबल्या नाहीत. मागे रांग वाढली. कोणी घाई केली नाही.

लिहून झालं. ‘चार्जरमधी पंखा नवता.’ खाली आपलं नाव, बापाच्या नावासकट.

आमच्या मागे एक माणूस उभा होता, नव्या गाडीचे पैसे भरून झालेला, चार्जरचा बंद खोका काखेत. तो बाईंच्या खांद्यावरून वाचत होता. त्यानं खोका काउंटरवर ठेवला, चिकटपट्टी नखानं उचकटली आणि माझ्याकडे हात केला. "पेचकस द्या जरा, मॅडम." मग मालकांकडे वळून म्हणाला, "भाऊ, याच्यात तरी आहे का जी पंखा?"